जांभळ्या पानाचा करगा

माझ्या वडिलांना सगळा गाव सज्जन म्हणायचा. ते वारले तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हता आणि जो तो येऊन मला हेच सांगत होता, की असा माणूस पुन्हा होणे नाही, जन्मात कुणाला उलट शब्द बोलला नाही. मी मान डोलवत राहिले. त्यांचा हा गुण आमच्या घराला केवढ्याला पडला हे सांगायची ती वेळ नव्हती. आता माझंही वय झालंय. माझ्यामागे हे सांगणारं कुणी उरणार नाही, म्हणून लिहून ठेवते. बापाविषयी असं लिहिलेलं वाचताना कडू लागेल. लागू द्या, लिहितानाही गोड लागत नाहीये.

आमचं गाव तुमसर तालुक्यात, तलावाच्या पोटाशी. खालच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, तलावाचं पाणी मिळायचं, तिथं पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून लावणीचा रोवणा व्हायचा. वरच्या बांधीला मात्र पाणी चढत नसे, तिथं आवत्या, म्हणजे धान नुसतं फेकून पेरायचं. आणि आवत्या म्हटला की करगा आलाच. करगा म्हणजे रानटी धान. धानाच्याच कुळातला, पान तसंच, उंची तशीच, त्यामुळे निंदायला बसलेल्या बाईला तो लोंबी निघेपर्यंत ओळखूच येत नाही. आणि लोंबी निघाली की मग उपटून फार उपयोग नसतो, कारण आपलं धान पिकायच्या आधीच त्याचे दाणे आपणहून गळून मातीत जातात आणि पुढच्या वर्षी तिथंच दुपटीनं उगवतात. करग्यानं धरलेली बांधी सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत.

आमच्या घरी यावर एक उपाय होता आणि त्याचा घरात फार तोरा होता. वरच्या बांधीत आम्ही जांभूळपानी पेरायचो. या धानाचं पान कोवळं असल्यापासून जांभळं असतं. तांदूळ काही मोठा खाण्यासारखा नाही, जाड आणि शिजल्यावर जरा लालसर. पण बांधी जांभळी झाली की त्यात हिरवं दिसेल ते उपटायचं, एवढं सोपं काम. लहान पोरीला बसवलं तरी चुकायची नाही. आजीच्या आजीपासून घरात चालत आलेलं हे बियाणं. माय ते कुणाला सहजी देत नसे, देताना हात आखडायचा तिचा.

माय म्हणजे माझी आई. बियाणं निवडायचं काम तिचं. धान मळून झालं की ओसरीत उजेडाच्या बाजूला तोंड करून ती बसायची, पुढ्यात सूप, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाई. बाई म्हणजे माझी थोरली बहीण कौतिका. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. सुपात धान पसरल्याचा तो सर्रकन येणारा आवाज, मग माय दोन्ही हातांनी सूप ठोकायची तो आवाज, मधेच चिखल्याच्या मँगनीज खाणीकडून सुरुंगाचा दबका धक्का आणि त्याबरोबर ओसरीतल्या कोंबड्यांचं कुडकुडणं. दुपारभर हेच चालायचं. चुलीवर लाखोरीची डाळ शिजत असायची आणि तिच्या वासानं आमचं लक्ष सुपावरून उडायचं. माझंच जास्त. बाईचं कधीच नाही.

मायनं आम्हाला दाणा पाहायला शिकवलं ते असं. आधी कुसळ. आमच्या करग्याला काळं, लांब कुसळ असायचं, बोटाला टोचणारं. पण मळताना कुसळं मोडतात, त्यामुळे त्यावर विसंबायचं नाही. मग टरफल. करग्याचं टरफल मळकट काळपट, धानाचं पिवळं. पण पावसात सापडलेलं धानही काळं पडतं, तेव्हा त्यावरही विसंबायचं नाही. शेवटी दाणा उलटा करून त्याचं बूड पाहायचं. आपलं धान झोडपल्यावर लोंबीपासून तुटतं, त्याच्या बुडाशी तुटल्याची खूण राहते, खरखरीत. करगा आपणहून सुटलेला असतो, त्याचं बूड गुळगुळीत. जांभूळपानीची आणखी एक खूण होती. दाण्याच्या वरच्या टोकाला एक जांभळा ठिपका, सुईनं टोचावा एवढा. बाई नुसतं बोट फिरवून बूड ओळखायची. डोळे मिटून ओळखायची आणि मला चिडवायची, ‘सुमे, तुले डोळे देवानं कायले देले वो?’ निवडलेला करगा डब्यात जायचा, कोंबड्यांसाठी.

पुढे नोकरीत मी आयुष्यभर हेच केलं. नागपुरात बियाणं तपासायच्या एका प्रयोगशाळेत टेबलावर भिंग आणि चिमटा घेऊन बसले आणि नमुन्यातून तणाचं बी वेगळं काढत राहिले. तिथं रानटी धानाचा दाणा सापडला की नमुना नापास. नव्या मुलींना मी शिकवायची तेव्हा कुसळ, टरफल, बूड याच क्रमानं शिकवायची. त्या म्हणायच्या, मॅडमचा हात किती बसलाय. हात बाईचा बसला होता. भिंगामागे ती बसायला हवी होती.

बाईचं लग्न आंबागडाकडच्या एका घरी ठरलं. शेती बरी होती, पण किल्ल्याच्या पायथ्याची, सगळी आवत्याची, आणि करग्यानं खाल्लेली. मुलगा चिखल्याच्या खाणीत कामाला. शेत सासरा पाहायचा. ते मुलगी पाहायला आले तेव्हा पोहे खाता खाता त्यांनी आमच्या जांभूळपानीची चौकशी केली, मुलीची कमी केली. ‘ईवाई,’ बाईचा सासरा बाबांना म्हणाला (व्याह्याला आमच्याकडे ईवाई म्हणतात), ‘आमाले बाकी काई नको. पोरीच्या ओटीत तुमचं ते बियाणं टाका.’ माहेरच्या धानानं ओटी भरायची आणि नव्या सुनेनं त्यातली पहिली मूठ सासरच्या शेतात फेकायची, ही तिकडची रीतच होती. बाबा लगेच हो म्हणाले. बाबा कशालाही लगेच हो म्हणत. मायनं मात्र ते बियाणं दोनदा पाखडलं, मग बाईला बसवून तिच्याकडून पुन्हा पाहून घेतलं. नवरीच्या अंगाला हळद लागलेली आणि ती सुपातले दाणे उलटे करून बूड पाहतेय, हे मला आजही जसंच्या तसं दिसतं. त्या ओटीत करग्याचा एक दाणा नव्हता. हे मी शपथेवर सांगते.

पहिली काही वर्षं बाईचं फार कौतुक झालं. त्यांचं शेत जांभळं झालं, हिरवा करगा बायांनी भराभर उपटला, कोठी भरली. सासरा येताजाता सांगायचा, आमच्या सुनेच्या हाताले गुण आहे. पेरणीला पहिली मूठ तिची. बियाणं तीच निवडायची. दिवाळीला ती माहेरी आली की अंग भरलेलं, आवाज मोठा झालेला, मायच्याच ओसरीत बसून मायलाच शिकवायची. मला त्याचा जरा रागही यायचा.

मग एका वर्षी त्यांच्या शेतात जांभळ्या पानाचा करगा निघाला. निंदणाऱ्या बायांनी नेहमीप्रमाणे हिरवं तेवढं उपटलं होतं. लोंब्या बाहेर पडल्या तेव्हा अर्ध्या शेतात जांभळ्या पानांवर करगा उभा होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढला होता आणि कुणाला दिसला नव्हता. जांभळं पान तर त्या भागात एकाच घरून आलेलं. मग दोष कुणाचा, हे ठरवायला त्या घराला वेळ लागला नाही.

बाई दिवाळीला आली ती मंडईपर्यंत राहिली होती. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, सासुरवाशिणींचा, पाहुण्यांचा दिवस. घरात अईरसे, म्हणजे अनारसे, झाले होते, वडे तळणं चालू होतं, तलावातले झिंगे बाबांनी सकाळीच आणून ठेवले होते. चौकातून दंडारीच्या खेळातल्या ढोलकीचा आवाज येत होता. बाईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली, कारण जेवणं झाली की नवऱ्यासोबत तिला निघायचं होतं. तेवढ्यात सासरा आणि जावई आले. सासऱ्यानं पाण्याचा तांब्याही घेतला नाही. खांद्यावरचं धोतराचं फडकं सोडलं आणि ओसरीत लोंब्यांचा ढीग ओतला, पानांसकट.

‘पाहा, ईवाई. हा तुमच्या घरचा आहेर. पोरीच्या ओटीतून करगा धाडला तुमी आमच्या घरी.’

बाबा उठून उभे राहिले. ‘असं कसं होईन? बसा तं खरं.’

‘बसाले नाई आलो. पान जांभळं आहे का नाई? इकडच्या मुलखात हे पान कोणाचं आहे? पोरीले ठेवा येथंच. ज्या हातानं शेत नासलं तो हात मले घरात नाई पाहिजे.’

बाई दाराआड उभी होती. हातात कणकेचा गोळा होता, तो तिनं तसाच धरून ठेवला. जावई खांबाला टेकून पायाकडे पाहत होता. खाणीतली काळी धूळ त्याच्या कानामागे तशीच होती.  बाईच्या बाजूनं तो कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा बाबा मायला म्हणाले, ‘तू पाहा बरं. तुले समजते.’ हे त्यांनीच म्हटलं. म्हणून माय चुलीपासून उठली, हात पुसले आणि सूप घेऊन उजेडात बसली. मला म्हणाली, कोंबड्यांचा डबा आण. मी आणला. तिनं आमचा करगा सुपाच्या एका कोपऱ्यात ठेवला. मग ईवायांच्या ढिगातून लोंब्या उचलल्या. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, काही लोंब्या त्यात हिरव्या पानाच्याही होत्या, त्यांचे दाणे दुसऱ्या कोपऱ्यात. जांभळ्या पानाचे दाणे मधोमध. घाई केली नाही. एकेक दाणा उलटा करून पाहिला, नखानं टरफल सोलून आतला लाल तांदूळ पाहिला. वडे जळायला लागल्याचा वास आला तरी उठली नाही.

‘दादा, इकडे या,’ ती ईवायांना म्हणाली. ‘हा आमचा करगा पाहा. कुसळ काळं आन लांब, टरफल काळं. हा तुमचा जुना, हिरव्या पानाचा. कुसळ आखूड, लाल. टरफल भुरकं आन त्याच्यावर बारीक लव. आता हा मधातला पाहा. कुसळ आखूड, लाल. टरफल भुरकं. लव आहे. हा तुमचाच करगा आहे. आमचा नाई.’

‘मंग पान जांभळं कसं?’

मायनं एक दाणा तळहातावर घेतला. ‘टोकाले ठिपका पाहा. हा ठिपका आमच्या धानाचा. एका बांधीत राहून राहून तुमच्या करग्यानं आमच्या धानाचा रंग घेतला. उपटाचे राहून गेले असतीन काही. फुलावर आले असतीन सोबतच.’

ती हे कुणाकडून शिकली नव्हती, शिकवणारं कुणी नव्हतंच. समोर दाणे होते आणि त्यांच्यावरून दुसरं काही निघत नव्हतं. खूप वर्षांनी प्रयोगशाळेत आमच्या साहेबांनी हीच गोष्ट फळ्यावर काढून समजावली तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले. रानटी धान शेजारच्या धानाशी सहज संकर करतं, जांभळ्या पानाचा उपाय म्हणून तर काही वर्षांनी निकामी होतो, आणि म्हणून ते बियाणं मधेमधे बदलावं लागतं, असं ते सांगत होते. वर्गातल्या पोरी जांभया देत होत्या.

ईवाई मात्र हसले. ‘गवतानं रंग घेतला म्हणे. म्हंजे आमचा करगा साधा होता, तुमच्या धानानं त्याले बिघडवलं. दोष तं तुमचाच झाला ना, ईहीणबाई?’ मग बाबांकडे वळून म्हणाले, ‘बायकांचं जाऊ द्या. तुमी सांगा, ईवाई. तुमी सज्जन माणूस. तुमच्या तोंडून ऐकतो. कोणाचा करगा आहे हा?’

सूप मायच्या मांडीवर होतं. तीन कोपऱ्यांतले तीन ढीग इतके वेगळे होते की मी उभ्यानं पाहूनही सांगितलं असतं. बाबांनी सुपाकडे पाहिलं, हे मी पाहिलं. त्यांना कळलं होतं. मग त्यांनी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. आणि हात जोडले.

‘आमचाच आहे, ईवाई. आमच्याच बियाण्यात असन. चूक आमचीच. पोरीले पदरात घ्या.’

ईवायांना हेच हवं होतं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते पाटावर बसले, पाणी मागितलं आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, ‘ऐकलं ना, सूनबाई? तुया बापानं कबूल केलं. चाल, घरी चाल. पण बियाण्याले हात नाई लावाचा आजपासून.’ मग सगळे जेवले. झिंगे चांगले झालेत असंही ईवाई म्हणाले. बाबा आग्रह करकरून वाढत होते. त्यांच्या मते प्रसंग निभावला होता. पोर सासरी जात होती, चार माणसांत तमाशा झाला नव्हता, याहून एका बापानं काय करायचं असतं. बाई निघताना वाकली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ते रडलेही. ते खोटं रडले असं मी म्हणणार नाही.

पाहुणे गेल्यावर मायनं सूप उचललं आणि तिन्ही ढीग एकत्र करून कोंबड्यांपुढे टाकले. बाबा जवळ येऊन म्हणाले, ‘पोरीचं घर तं राहिलं ना?’ माय म्हणाली, ‘मंग मले सुपापाशी बसवलं कायले?’ एवढंच.  त्या वर्षापासून मायनं बियाणं निवडलं नाही. स्वयंपाक केला, रोवणा केला, बाबांचं दुखलंखुपलं काढलं, पण बियाण्याचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं नाही. जांभूळपानी दोन पावसाळ्यांत करग्यात मिसळून गेलं आणि बाबा तुमसरहून पिशवीतलं बियाणं आणायला लागले. लोक म्हणायचे, बाबा सुधारले.

बाई नांदली. नांदली म्हणजे तिथं राहिली, दोन लेकरं झाली, सासू-सासऱ्यांचं सगळं तिनंच केलं. पण त्या घरात पेरणीच्या दिवशी तिला गोठ्यात बसवून ठेवत. कोठीतलं धान काढायला शेजारीण यायची. नणंदेच्या ओटीत धान घालायची वेळ आली तेव्हा तिच्या हातातून ताट काढून घेतलं, आणि ते भर मांडवात. भांडण झालं की सासूच्या तोंडी एकच शब्द, करगा. मी सुट्टीत गेले की तिला म्हणायची, तू बोलत का नाहीस. ती म्हणायची, ‘जाऊ दे वो, सुमे. चा घेते?’ तिला राग येत नाही हेच मला समजत नसे. मला वाटायचं, ती गिळून टाकते आहे, एक दिवस बाहेर येईल. मी त्या दिवसाची वाट पाहत राहिले.

या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. सासू-सासरे कधीच गेले, नवराही गेला. घरात तिचा मुलगा आणि सून. मुलगा वरठीच्या कारखान्यात कामाला आहे, मोटारसायकलनं जातो-येतो आणि सुट्टीच्या दिवशी शेत पाहतो. मोकळा, हसरा पोरगा आहे. त्यानं कुठूनतरी बियाणं आणलं होतं आणि त्याला संशय होता. परातीत पसरून तो ते आईपुढे घेऊन आला. ‘आई, पाह्य बरं. मावशी म्हणते लहानपणी तूच सगळ्याहून चांगलं निवडत होती.’

बाईनं दुरूनच पाहिलं. डोळ्यांवर जाड चष्मा, एका डोळ्यात मोतीबिंदू. पाहिलं आणि म्हणाली, ‘डाव्या बाजूले आहे ना, ते भुरकं. ते काढ. त्याच्या खालचंही.’ मी पिशवीतलं भिंग काढून पाहिलं. दोन्ही करगाच होते, बूड गुळगुळीत.  मी परात तिच्या मांडीवर सरकवली, तर तिनं दोन्ही हात झटकन पदराखाली घेतले. ‘नको, नको. मले हात नाई लावाचा. माह्या हातानं करगा होते.’

मुलगा हसला, त्याला ती गंमत वाटली. तो परात ठेवून आंघोळीला गेला. मी मात्र तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि एवढ्या वर्षांत राहिलेलं सगळं बोलले. मायनं त्या दिवशी सुपात काय दाखवलं ते पुन्हा दाण्यांनी मांडून दाखवलं. रंग कसा जातो, ठिपका कसा येतो, साहेबांनी फळ्यावर काय काढलं होतं, सगळं सांगितलं. तो करगा त्यांचाच होता, तुझ्या ओटीत एक दाणा नव्हता, आपण दोघींनी पाहिलं होतं, असं सांगताना माझा आवाज चढला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एकदा भिंगातूनही पाहिलं, हात न लावता, वाकून. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, लहानपणी मला बूड ओळखता आलं नाही की पाहायची तसं, कीव करून.

‘माय काईही म्हणो,’ ती म्हणाली. ‘पण बाबानं सोता कबूल केलं ना वो, सुमे. चार माणसांत हात जोडले. बाबा खोटं कायले बोलतीन?’